दीड ओळीत उरकलेली पोटदुखी

डॉक्टरबाई, नमस्कार.

माझं वय ४३. सासर डिचोली तालुक्यात, नोकरी पणजीला. चार वर्षांपूर्वी मुंबईत जाऊन वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं, गॅस्ट्रिक बायपास. तेव्हा ११८ किलो होते. दीड-पावणेदोन वर्षांत ७१ वर आले. डायबिटीसच्या गोळ्या सुटल्या, जिना चढताना लागणारी धाप थांबली. पहिल्या वर्षी दोनदा तपासायला गेले, मग जाणं राहून गेलं. गोळ्याही हळूहळू सुटल्या. आता वजन परत ७९ झालंय. केस मूठमूठ गळतात. हिमोग्लोबिन ९.१ आलंय. तळपायांना मुंग्या येतात, अंधारात पाऊल नीट पडत नाही. दुपारी शीत-कडी, म्हणजे भात-कढी, जेवले की दोनेक तासांनी घाम फुटतो, हात थरथरतात. टेबलाच्या खणात पेढे ठेवलेत, एखादा खाल्ला की बरं वाटतं, पण थोड्या वेळाने परत तेच. कधी कधी रात्री पोटात कळ येते, पण ती वाताची असावी, ओवा चावला की जाते. गुडघ्यांसाठी फार्मसीतून गोळी आणून घेते. सासूबाई म्हणतात, "देवान दिल्लें पोट कापून घेतलें, आतां भोग."

ऑपरेशन चुकलं का? ते उलटवता येतं का? धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, ११० किलो, साखर आहे, छातीत कायम जळजळ. म्हापशाला दुकान आहे. दुकान बंद केलं की मित्रांबरोबर बसतो, सिगरेटही ओढतो. तोही ऑपरेशन करीन म्हणतोय. त्याला काय सांगू? आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आलीच आहे. एखादी नेवरी (करंजी) खाल्ली तर चालेल का?

— स., डिचोली

स. ताई,

तुमचं पत्र मोठं होतं, इथे जागेपुरतं छापलंय. मूळ पत्रात वजनाला पाऊण पान, केसांना अर्धं, सासूबाईंना अख्खं एक पान आणि पोटातल्या कळेला दीड ओळ. ती दीड ओळ मी तीनदा वाचली. बाकीची उत्तरं सावकाश वाचलीत तरी चालेल. कळेबद्दलचं आजच वाचा, आणि घरात कोणाला तरी वाचूनही दाखवा.

तुमच्या ऑपरेशनात जठराचा वरचा लिंबाएवढा तुकडा, जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढा, वेगळा काढलाय. लहान आतडं मध्ये कापून त्याचं खालचं टोक वर आणून त्या पिशवीला जोडलंय. उरलेलं जठर पोटातच आहे, पण अन्न तिथे जात नाही. तिकडचा पाचकरस आणि पित्त बरंच खाली दुसऱ्या जोडावर येऊन अन्नाला मिळतं. आता आतडं काही पोटात मोकळं लोंबकळत नसतं, एका पडद्याने ते पाठीकडे बांधलेलं असतं. या जोडाजोडीत त्या पडद्याला फटी पडतात. बरेच सर्जन त्या टाक्यांनी बुजवतात. पण माणूस चाळीस-पंचेचाळीस किलोने उतरला की पडद्यातली चरबीही वितळते, आणि बुजवलेली फट पुन्हा उघडू शकते. मग एखाद्या रात्री आतड्याचा वेढा त्या फटीत सरकतो. कळ येते. वेढा आपोआप सुटला की कळ जाते, आणि श्रेय ओव्याला मिळतं.

याला इंटर्नल हर्निया म्हणतात, आतला हर्निया. बाहेर गाठ दिसत नाही, हाताला काही लागत नाही. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी होतो तसा कित्येक वर्षांनीही होतो. दुखणं बहुधा बेंबीच्या वर किंवा डाव्या बाजूला, कधी पाठीत जाणारं, बऱ्याचदा खाल्ल्यानंतरचं, येऊन जाऊन असणारं. ज्या रात्री वेढा सुटत नाही, त्या रात्री आतड्याच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत तो भाग मरतो. पोट खराब झालं म्हणून सकाळपर्यंत वाट बघणारी माणसं यातच सापडतात.

तुम्हाला हेच झालंय असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. दुसरंही कारण असू शकतं. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होतात, ते इतके सर्रास की पुष्कळ ठिकाणी पहिले सहा महिने खडे होऊ नयेत म्हणून गोळी देतात. तिसरं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, पण गुडघ्यांच्या ओळीत. पिशवी आणि आतडं जिथे जोडलंय तिथे अल्सर होतो, आणि दुखीच्या गोळ्या हे त्याचं एक मोठं कारण. घरातली ती पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन यांतलं एकही नाव दिसलं तर ती गोळी आजपासून बंद. पॅरासिटामॉलसोबत मिसळून विकलेली असली तरीही बंद. नुसतं पॅरासिटामॉल बेताने घेता येतं. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तुमच्या ९.१ मागे रोज थोडंथोडं झिरपणारं रक्तही असू शकतं.

तेव्हा या आठवड्यात दुर्बिणीतून असली ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनकडे जा. सोनोग्राफीत खडे दिसतील, अल्सरसाठी एन्डोस्कोपी करतील, आतल्या हर्नियासाठी सीटी स्कॅन. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कळ नसताना काढलेला सीटी स्कॅन अगदी स्वच्छ येऊ शकतो. तो स्वच्छ आला आणि कळ येतच राहिली, तर सर्जन दुर्बीण घालून आत बघायचं म्हणतील. त्याला घाबरून पळू नका, ती शहाणपणाची गोष्ट आहे. मधल्या काळात कळ जोराची आली, नेहमीसारखी ओसरली नाही, उलट्या किंवा कोरडे उमासे सुरू झाले, पोट फुगलं, तर ओवा नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. १०८ ला फोन करायचा आणि थेट मोठ्या इस्पितळात, जिथे रात्रीही सीटी आणि सर्जन दोन्ही मिळतात. डिचोलीहून बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, हेच बरं. कॅज्युअल्टीत तोंडून निघालेलं पहिलं वाक्य "पोटात दुखतंय" असं नको. "माझं बायपास झालंय, जठराचं, आणि पोटात दुखतंय" असं हवं. नुसतं बायपास म्हणालात तर हृदयाचं समजतील. हा विनोद नाही, झालेलं आहे.

आता पायांच्या मुंग्या. इथे माझी एक चूक सांगते. ओपीडीत बसायचे तेव्हा एक गृहस्थ मुंग्यांची तक्रार घेऊन आले. जुना डायबिटीस, म्हणून मुंग्याही डायबिटीसच्या असं मी गृहीत धरलं. चार-पाच महिने तेच औषध. एके दिवशी पोट तपासायला शर्ट वर केला तर अर्ध्या-पाऊण इंचाचे पाच पुसट व्रण. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो विषय संपलेला होता. बी-१२ तपासलं, तर जवळजवळ तळाला. इंजेक्शनांनी हातांच्या मुंग्या गेल्या, पायांच्या पूर्ण गेल्या नाहीत. नसांचं असंच असतं, ठराविक मुदतीत पोचलात तर भरून निघतं, उशीर झाला तर काही भाग कायमचा जातो.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर नुस्तें, म्हणजे मासळी, खाणारी माणसं, बी-१२ कसं कमी पडेल? बांगड्यात बी-१२ भरपूर असतं, खरं आहे. पण ते मासळीच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ते शोषलं जायला जठरातूनच येणारा एक वाहक पदार्थ लागतो. तुमच्या लिंबाएवढ्या पिशवीत दोन्ही नावापुरतेच. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, म्हणून पहिली दोन वर्षं काही कळत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी, अगदी माणूस निर्धास्त झाल्यावर, मुंग्या येतात. रोज १००० मायक्रोग्रॅमच्या आसपास गोळी घेतली तर त्यातला शेकडा एखादा भाग त्या वाहकाशिवायही आत झिरपतो आणि तेवढा पुरतो. पण तुमचा तोल जायला लागलाय, तेव्हा सुरुवात इंजेक्शनांनी व्हावी. ती किती आणि कशी द्यायची हे फिजिशियन ठरवतील. तोवर मनाने फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्यांनी रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात. बी-१२ नीट आलं आणि मुंग्या तशाच राहिल्या तर रक्तातलं तांबं तपासायला सांगा. तांबं कमी पडलं तरी पाय असेच होतात, आणि हे फार कमी लोकांच्या डोक्यात येतं. केस गळतात म्हणून झिंकच्या गोळ्या महिनोन् महिने खाणाऱ्यांचं तांबं त्या झिंकनेच कमी होतं. म्हणून शेजारणीने सांगितलेली केसांची गोळी नको.

केसांचं इथेच उरकते. ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत केस जातात ते शरीराला बसलेल्या धक्क्याने, आणि ते परत येतात. चौथ्या वर्षी जात असतील तर लोह, प्रथिनं किंवा थायरॉइड बघायचं. तेल कुठलंही लावा.

लोहाचं थोडं सविस्तर. जठरानंतरचा आतड्याचा पहिला तुकडा, जिथे लोह आणि कॅल्शियम सर्वांत चांगलं शोषलं जातं, तोच तुमच्या अन्नाच्या वाटेतून वगळलाय. त्यात पाळी चालू. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासा, साठा त्यात कळतो. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर दोघी एकमेकींना अडवतात. गोळीवर चहाही नको. एवढं करूनही आकडा हलला नाही तर गोळ्यांच्या मागे वर्ष घालवू नका, शिरेतून लोह देता येतं. कॅल्शियम सायट्रेट या प्रकाराचं घ्या, कारण बाजारात जास्त मिळणाऱ्या कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून हाडं ठीक आहेत असं समजू नका. शरीर हाडांतून काढून रक्ताचा हिशोब पुरा करत असतं. त्यासाठी पॅराथायरॉइड हार्मोन आणि ड जीवनसत्त्व बघतात. आणि हो, साखर परत आली का हे बघायला तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करताना सोबत हिमोग्लोबिनचा आकडा दाखवा. रक्त एवढं कमी असताना ती तपासणी फसवू शकते.

आणखी एक जीवनसत्त्व आहे, थायमिन, म्हणजे बी-१. याचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. कुठल्याही कारणाने सलग काही दिवस उलट्या झाल्या, तापात जेवण गेलं, तर तो संपतो. मग डोळ्यांना दोन-दोन दिसतं, चाल डगमगते, माणूस असंबद्ध बोलतो. आपल्याकडे अशक्तपणा आला की आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतात. ग्लुकोजची बाटली थायमिनच्या आधी चढली तर उरलंसुरलं थायमिन तिथेच खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाटली लावणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं की आधी थायमिनचं इंजेक्शन द्या. त्यांना राग आला तर येऊ दे.

आता पेढे. जेवणानंतर दोन तासांनी येणारा घाम आणि थरथर हा बहुधा अशक्तपणा नाही. रक्तातली साखर खाली घसरतेय. जठराला अन्न थोडं थोडं पुढे सोडण्याचं दार असतं, ते तुमच्या वाटेवर उरलेलं नाही. भात-कडी थेट आतड्यात उतरते, साखर एकदम उसळते, शरीर घाबरून गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, आणि तासा-दोन-तीन तासांनी साखर तळाला जाते. त्यावर पेढा खाल्ला की परत तोच पाळणा, एकदा वर, एकदा खाली. तुम्हीच लिहिलंय की थोड्या वेळाने परत तेच होतं. आणि दुपारी रोज असे पेढे म्हणजे परत आलेल्या आठ किलोंपैकी काहींचा पत्ता तिथेच लागतो.

डायबिटीसच्या दिवसांतलं साखर मोजायचं यंत्र कपाटात असेल तर काढा, पट्ट्या नवीन आणा. घाम फुटला की आधी बोट टोचा. ७० च्या खाली असेल तर चमचाभर साखर किंवा ग्लुकोज घ्या, पण त्यापाठोपाठ मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडंही खा, म्हणजे ती परत घसरणार नाही. आकडे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ५४ च्या खाली गेली, किंवा कधी शुद्ध हरपली, तर हे फक्त जेवण बदलून भागणारं नाही, त्याला औषधं आहेत. लॅबवाल्याने ग्लुकोजचं पाणी पाजून तपासणी करू म्हटलं तर नाही म्हणा. थरथर सुरू असताना स्कूटर तर अजिबात नको.

ताटाचा क्रम बदला. आधी हुमणातली माशाची फोड किंवा भाजलेला बांगडा, मग तांबडी भाजी, आणि भात शेवटी, उकडा, चार घास. कडी भाताला लावण्यापुरती. सोलकढी, पाणी, काहीही पातळ जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने. सकाळची पेज सोडा असं मी म्हणत नाही, पण नुसती पेज आणि लोणचं म्हणजे पाण्यात साखर घालून प्यायल्यासारखंच, तिच्यासोबत अंडं किंवा मुगाची उसळ हवी. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यातून २० च्या आसपास मिळतात, एका अंड्यातून ६. आता नेमका श्रावण चालू आहे आणि तुमच्या घरी महिनाभर नुस्तें बंद असणार. बायपास झालेल्या माझ्या ओळखीतल्या दोघीजणी दरवर्षी याच महिन्यात अशक्त होऊन येतात. नुस्त्याची जागा त्या भाताने भरतात. मुगागाठी, अळसांदे, पनीर, दही यांनी भरायची असते. श्रावण पाळू नका असं सांगायला मी कोण, पण तुमच्या पिशवीला तो पाळताना जास्त मेहनत करावी लागते एवढं खरं.

तुमचा मुख्य प्रश्न, ऑपरेशन चुकलं का. तुमच्या पत्रातले आकडे मी कागदावर मांडले. ११८ वरून ७९, म्हणजे सुरुवातीच्या वजनाच्या ३३ टक्के आजही उतरलेलं आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या मिळून सुमारे चार हजार लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर टिकलं. म्हणजे थोडं परत येणं हा जवळजवळ नियमच. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी निघालं. तेव्हा सासूबाईंना म्हणावं, भोग वगैरे काही नाही. तुमचं ऑपरेशन उत्तम झालं. चुकलं ते त्यानंतरचं.

आणि ते सगळं तुमच्या माथी मारायला मी तयार नाही. ऑपरेशनच्या आधी इस्पितळातून दिवसाला दोन फोन येतात, नंतर एक-दोन वर्षांत बंद होतात. मुंबईला जायचं म्हणजे रजा, गाडीभाडं, मुक्काम. बरं वाटत असताना कोण जातं? पण या तपासण्यांना मुंबई लागत नाही. पहिल्या वर्षी तीन-चार वेळा आणि मग जन्मभर वर्षातून एकदा रक्त द्यायचं, ते डिचोलीतही देता येतं. डायबिटीसची गोळी जन्मभर घ्यायला तुमची तयारी होती. तिच्या जागी आता जीवनसत्त्वांच्या गोळ्या आल्यात, एवढाच फरक. मी तर याला ऑपरेशन म्हणण्याऐवजी एक नवं पोट मिळालंय असं म्हणते, आणि ते सांभाळायची रीत जुन्यापेक्षा वेगळी आहे.

उलटवता येतं का? बायपास तांत्रिकदृष्ट्या उलटवता येतो, कारण जठर पोटातच असतं. पण ते पहिल्यापेक्षा जास्त जोखमीचं ऑपरेशन आहे, वजन आणि साखर दोन्ही परत येतात, आणि काही केल्या पोषण टिकतच नाही अशा मोजक्या लोकांसाठीच ते करतात. तुम्ही तर गोळ्याच मध्ये सोडून दिल्यात, तेव्हा तो विषयच नको.

भावाचं मला जास्त अवघड वाटतं. वजन आणि साखर बघता त्याला ऑपरेशनचा फायदा होऊ शकतो, म्हणून सरळ नको म्हणत नाही. प्रश्न कुठलं, आणि कधी. त्याला कोणीतरी स्लीव्ह सुचवेल, म्हणजे जठराचा ७५-८० टक्के भाग कापून काढायचा आणि एक निमुळती नळी ठेवायची. आतड्याला हात लागत नाही म्हणून ते सोपं वाटतं. पण ज्याला आधीच छातीत जळजळ आहे त्याची जळजळ स्लीव्हनंतर वाढू शकते, आणि वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं तर अन्ननलिकेचं अस्तर बदलू शकतं. शिवाय काढलेलं जठर परत मिळत नाही. मग बायपास? जळजळीला बायपास चांगला, पण सिगरेट चालू ठेवून नाही. जोडावरच्या अल्सरला सिगरेटइतकं खतपाणी दुसरं नाही.

आणि संध्याकाळचं बसणं. गोव्यात याला कोणी दारू पिणं म्हणत नाही, 'बसलो' म्हणतात. हुर्राकाचा मोसम आला की सगळेच बसतात, इतर वेळी फेणी आहे, बियर आहे. दुकान बंद करून दोन पेग घेणारा तरुण आपल्या हिशोबात व्यसनी नसतोच. बायपासनंतर मात्र तीच फेणी थेट आतड्यात उतरते. काही मिनिटांत रक्तातलं प्रमाण पूर्वीपेक्षा कितीतरी वर जातं, आणि उतरायला वेळ लागतो. दोन पेगवाला एका पेगवर झिंगतो आणि मोटारसायकलवरून घरी निघतो. अमेरिकेत दोन हजारांच्या आसपास रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली छापून आला. पहिल्या वर्षी दारूचा त्रास वाढलेला दिसला नाही, दुसऱ्या वर्षी वाढला. जास्त धोका कोणाला होता? पुरुष, वयाने तरुण, सिगरेट ओढणारे, ऑपरेशनआधी नियमित पिणारे. तुमचं भावाचं वर्णन वाचताना मी हीच यादी वाचतेय असं मला वाटलं. खाण्यातून मिळायचा तो दिलासा बंद होतो आणि माणूस दुसरीकडे शोधतो, असाही अनुभव आहे. त्यात दारू थायमिनही खाते, म्हणजे वर सांगितलेला धोका आणखी वाढतो.

त्याला सांगा, आधी सहा महिने सिगरेट आणि बसणं दोन्ही बंद करून दाखव. सर्जनला खरं किती पितोस ते सांग, 'कधीतरी' असं नको. जमत नसेल तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात व्यसनावरही उपचार होतात. तिथे जाण्यात लाज वाटली तरी ती जन्मभराच्या अल्सरपेक्षा स्वस्त. साखर आणि वजन यांसाठी आता इंजेक्शनंही आली आहेत, त्याबद्दलही त्याने आधी डॉक्टरांशी बोलावं. आणि ऑपरेशन झालंच तर तुम्ही त्याची फाईल सांभाळा. त्याआधी स्वतःची सांभाळा.

फाईलवरून आठवलं. एका जाड कागदावर पुढचं लिहून पर्समध्ये ठेवा, एक प्रत नवऱ्याच्या पाकिटात: जठराचा बायपास झाला आहे, अमुक साली, डायक्लोफेनॅकसारख्या दुखीच्या गोळ्या देऊ नयेत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावं, पोटदुखी असेल तर आतला हर्निया आहे का ते सर्जनने बघावं. ऑपरेशनची समरी मुंबईहून मागवून फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

पावसात पोटाच्या लोंबत्या कातडीखाली चट्टे येतात असंही तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय. कोरडं ठेवा, सुती कापड घाला, खाज राहिली तर त्वचेच्या डॉक्टरांकडून मलम घ्या, स्टिरॉइडचं मलम फार्मसीतून मनाने आणू नका.

नेवरी खा. अर्धी, जेवणानंतर, आधी प्रथिनं पोटात गेलेली असताना. रिकाम्या पोटी आरतीच्या प्रसादाबरोबर नको. मणगणं मात्र वाटीभर घेऊ नका; पातळ आणि गोड असं दोन्ही एकत्र असलं की तुमच्या पोटाला सर्वांत वाईट, अर्ध्या तासात छाती धडधडून आडवं व्हावं लागेल. पातोळी चालेल, तीही अर्धी. चवथीला पाच दिवस घरात माणसांचा राबता असतो, दवाखान्यात जायला सवड नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून सर्जनची भेट गणपतीवरची माटोळी बांधायच्या आधी उरका.